केळीचं पान वाचायला शिकूया : आधी रोगाची ओळख, मग औषधाचा खर्च

(संघाच्या पावसाळ्यातल्या मासिक सभेत एका कृषीसखी ताईंनी केळीच्या पानांवरच्या रोगांविषयी माहिती दिली. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी त्यांचं बोलणं इथे देत आहोत. सभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी आहेत.)



आजच्या विषयपत्रिकेवर बचत आणि कर्जफेड झाल्यावर लगेच केळीवरचा करपा हा विषय लागलाय. तो तिथेच लागला ते बरं झालं. पाऊस सुरू झाल्यापासून आपल्या गटांकडे फवारणीच्या औषधासाठी अंतर्गत कर्ज मागणारे अर्ज आले. त्यातल्या काही वाड्या मी स्वतः जाऊन बघितल्या. काही ठिकाणी खरोखरच करपा होता. काही ठिकाणी झाडाला खत कमी पडलं होतं. दोन ठिकाणी विहिरीचं पाणी खारट झालं होतं. आणि एका वाडीत असा रोग निघाला की ज्याला कुठल्याच दुकानात औषध नाही. त्या ताईंच्या पडवीत मात्र दुकानदाराने दिलेल्या तीन बाटल्या आणून ठेवलेल्या होत्या.

पान पिवळं पडलं की आपण दुकानात जातो, "केळ पिवळी पडली, काय मारू?" असं विचारतो, आणि दुकानदार जे देईल ते आणतो. त्याने वाडी बघितलेली नसते. पैसा गटाचा जातो, व्याज आपण भरतो. म्हणून आज औषधाचं नाव मी शेवटी सांगणार आहे. आधी पान बघायला शिकूया.

पान गेलं तर काय काय जातं

आपल्या वसईच्या पट्ट्यात केळीचं महत्त्व मी तुम्हाला सांगायला नको. गास, निर्मळ, भुईगाव, आगाशी, अर्नाळा, कुठल्याही वाडीत जा, राजेळी, वेलची, बसराई दिसणारच. बसराई हे नावसुद्धा वसईवरूनच पडलं असं मानतात. आपल्या आया-आज्यांनी डोक्यावर पाट्या घेऊन, विरार लोकल पकडून मुंबईला भाजी, फुलं, केळी आणि केळीची पानं विकली आणि त्यावर घरं चालवली. आजही घडाचे पैसे वर्षातून एकदा येतात, पण पान, केळफूल आणि गाभा मधल्या काळात हाताला सुटे पैसे देतात. गणपती आले की पानाला किती मागणी येते ते तुम्हाला माहीत आहे. आणि डाग पडलेलं पान पूजेला कोणी घेत नाही, जेवायला तर नाहीच नाही.

पण पानाच्या विक्रीपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. पान म्हणजे झाडाची चूल. सगळा स्वयंपाक तिथे होतो आणि मग घडाला वाढला जातो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : केळफूल बाहेर पडलं की त्या झाडाला नवीन पान येत नाही. तोपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी एक नवं पान फुटत असतं, त्यामुळे एखादं गेलं तरी भरून निघतं. केळफुलानंतर मात्र जेवढी पानं शिल्लक आहेत तेवढ्यांवरच पुढचे तीन-चार महिने घड भरायचा असतो. केळफूल पडताना झाडावर निदान आठ तरी चांगली हिरवी पानं हवीत. करप्याने ती चार-पाचवर आली तर केळी भरत नाहीत, बारीक राहतात आणि झाडावरच अवेळी पिकायला लागतात. असा माल व्यापारी बाजूला काढतो. राजेळीची फळं नीट भरली नाहीत तर त्यांची सुकेळीही चांगली होत नाही.

म्हणजे पावसाळ्यात पानावर पडलेला ठिपका आपल्याला उन्हाळ्यात घडाच्या भावात दिसतो. तोवर आपण तो ठिपका विसरलेलो असतो.

पानाला विचारायचे चार प्रश्न

डॉक्टर कसा विचारतो, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, तसंच आपण झाडाला विचारायचं.

पहिला प्रश्न : आजारी पान जुनं, खालचं आहे की नवं, वरचं?

दुसरा : पानावर त्रास कुठे आहे? कडेला, टोकाला, शिरेजवळ की सगळीकडे?

तिसरा : आकार कसला आहे? गोल-लांबट डाग, लांब पट्टा की नुसती पिवळट कडा?

चौथा : वाडीत किती झाडांना आहे आणि कुठल्या बाजूला? बांधाजवळ, पाणी साचतं तिथे, की इकडे एक-तिकडे एक?

बघताना पान उजेडाकडे धरून खालच्या बाजूनेही बघा. अर्धं निदान खालच्या बाजूलाच असतं. आता एकेक त्रास ओळखूया.

करपा म्हणजे सिगाटोका

सुरुवातीला वरून तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक पिवळट-हिरवट रेघा दिसतात. त्या बारीक शिरांना समांतर असतात आणि तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. बऱ्याचदा टोकाकडे आणि कडेला आधी दिसतात. मग रेघ रुंद होते, तपकिरी होते. शेवटी डोळ्याच्या आकाराचा लांबट डाग तयार होतो : मध्ये राखाडी, सुकलेला, भोवती गडद तपकिरी कडा आणि तिच्याबाहेर पिवळी छटा. ही तीन रंगांची खूण दिसली की करपा समजा. डाग वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि पानाचा मोठा भाग भाजल्यासारखा सुकतो.

सिगाटोका हे एका खोऱ्याचं नाव आहे. फिजी बेटांवर त्या नावाची नदी आणि खोरं आहे. १९१२च्या सुमाराला तिथल्या केळीबागांत या रोगाने मोठं नुकसान केलं, तेव्हापासून जगभर हेच नाव चालतं. म्हणजे हा काही आपल्या वाडीवर आलेला कोप नाही आणि कोणी केलेली करणीही नाही. ही बुरशी आहे. तिला ओलावा आणि ऊब लागते. आपल्याकडे जूनपासून थंडी सुरू होईपर्यंत पाऊस आणि मग दव, दोन्ही तिला आयतं मिळतं. पावसाच्या थेंबाबरोबर ती एका पानावरून दुसऱ्या पानावर उडते. सुकलेल्या, लटकणाऱ्या जुन्या पानांत ती तयार होत राहते आणि तिथून वाऱ्याने शेजारच्या वाडीत जाते. नव्या पानात ती बहुतेक खालच्या बाजूने शिरते. शिरल्यानंतर डाग दिसायला काही आठवडे जातात. आज दिसणारा डाग म्हणजे गेल्या महिन्यातली लागण.

बसराई आणि ग्रँड नैन या जातींना करपा लवकर होतो. ज्यांनी ऊतीसंवर्धित ग्रँड नैनची रोपं लावली आहेत त्यांनी जास्त लक्ष ठेवा.

करप्यासारखं दिसतं पण करपा नसतं

*पान म्हातारं होणं.* सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होऊन सुकलं आणि वरची सगळी हिरवीगार आहेत, तर काळजी नको. ते आपलं आयुष्य संपवून गेलं.

*पालाश कमी पडणं.* जुनी पानं टोकाकडून आणि कडेने नारिंगी-पिवळी होतात, टोक आत वळतं, पान मधूनच मोडून लटकतं. कडा असलेले वेगळे डाग दिसत नाहीत. केळ ही पालाशाची मोठी खाणारी आहे. माती तपासा आणि पालाशाचं खत द्या. चुलीच्या लाकडाच्या राखेतही पालाश असतो, ती केराच्या गाडीत टाकू नका, आळ्यात पसरा.

*नत्र कमी पडणं.* सगळं झाडच फिकं दिसतं, पानं लहान येतात, देठाला गुलाबी छटा येते. इथे शेणखत आणि नत्राचा हप्ता हवा. बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही.

*खारं पाणी.* पानाची कड पट्ट्यासारखी करपते, आतला भाग बराच काळ हिरवा राहतो. पावसात त्रास कमी होतो आणि उन्हाळ्यात वाढतो. ज्या बाजूला खारं पाणी जातं तिथली सगळी झाडं सारखीच दिसतात. किनाऱ्यालगतच्या आपल्या गावांत जमिनीतलं पाणी उपसत गेलं की विहिरी खाऱ्या होतात, हे आपल्या पिढीने बघितलंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लढा दिला तो यामुळेच. यावर औषधाची बाटली नाही. पाणी तपासून घ्या, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि बावखल असेल तर ते बुजू देऊ नका. पावसाचं गोडं पाणी तिथेच मुरतं.

*मर रोग.* खालची पानं कडेने पिवळी होतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती परकरासारखी लोंबतात. खोड तळाशी उभं चिरतं. ते कापून बघितलं तर आत लालसर-तपकिरी धागे दिसतात. ही मातीतली बुरशी आहे. झाड कंदासकट काढा, त्या जागी लगेच केळ लावू नका, तिथलं अवजार धुतल्याशिवाय दुसरीकडे वापरू नका आणि त्या झाडाचा मुनवा कोणाला देऊ नका.

ज्यांना औषध नाही असे दोन रोग

आता त्या तीन बाटल्यांच्या वाडीकडे येऊ. तिथे पर्णगुच्छ होता.

पर्णगुच्छ झालेल्या झाडाची नवी पानं अरुंद, आखूड, ताठ उभी राहतात आणि शेंड्याला एकत्र गोळा होतात, झाडूसारखी. पान हातात घेतलं तर कडकन मोडतं. ते उलटं करून उजेडात धरा. देठावर आणि मधल्या शिरेजवळ गडद हिरवे ठिपके आणि तुटक रेघा दिसतील, कोणी पेनाने टिंब-रेघ, टिंब-रेघ काढल्यासारख्या. हे दिसलं की शंका नको.

दुसरा रोग हरण्या, जळगावकडे याने बागाच्या बागा उपटायला लावल्या. यात पानावर फिके पिवळे पट्टे उठतात, पान चट्ट्यापट्ट्याचं दिसतं, कधी पोंगाच सडतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांच्यावरही हाच विषाणू राहतो. आपण केळीत भाजीचं आंतरपीक घेतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

दोन्ही विषाणूजन्य आहेत. माव्याने पसरतात आणि आजारी झाडाच्या मुनव्याने पसरतात. फवारणीने झाड बरं होत नाही. ते काढणं हाच इलाज आहे. तेही पद्धतीने करायचं : आधी झाडावरचा मावा कीटकनाशकाने मारायचा, नाहीतर झाड हलवताच तो शेजारच्या झाडावर जातो. मग कंदासकट खणून, तुकडे करून खोल खड्ड्यात पुरायचं. कंदाचा तुकडा राहिला तर त्यातून पुन्हा रोगट पिल येतं.

सांगायला हे सोपं आहे. त्या ताईंच्या वाडीत अशी अकरा झाडं होती आणि त्यातल्या तिघांना केळफूल आलेलं होतं. त्या म्हणाल्या, "एवढा घड तरी होऊ दे, मग काढते." मला त्यांचं दुखणं कळतं. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड, त्यावर कर्ज, आणि मी सांगते उपटा म्हणून. पण त्यांच्या बांधाला लागून आपल्याच गटातल्या आणखी दोघींच्या वाड्या आहेत. एका वाडीत रोगट झाड उभं राहिलं तर माव्याला बांध कळत नाही.

शेवटी गटाच्या बैठकीत ठरलं ते सांगते, कारण ते बाकीच्या गटांनाही उपयोगी पडेल. झाडं त्याच आठवड्यात काढायची. खणायला गटातल्या सहाजणींनी जायचं, मजुरी घ्यायची नाही. ज्यांच्या वाडीत रोग नाही अशा तिघींनी निरोगी मुनवे फुकट द्यायचे. आणि त्या ताईंचा कर्जाचा हप्ता तीन महिने पुढे ढकलायचा. दुकानाची पावती होती म्हणून न फोडलेल्या दोन बाटल्या परत गेल्या. त्या ताई आज इथे बसल्या आहेत. त्यांनी झाडं काढली म्हणून शेजारच्या दोन वाड्यांचा धोका कमी झाला. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.

करप्यावर उपाय : सत्तर टक्के काम कोयत्याने होतं असं समजा

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पडलेला डाग कुठल्याही औषधाने पुसला जात नाही. जे काही करायचं ते नवी पानं वाचवण्यासाठी. म्हणून फवारणीनंतर जुन्या डागाकडे बघून "काही फरक नाही" म्हणू नका, नंतर फुटलेल्या पानांकडे बघा.

पहिलं काम, छाटणी. पानाचा थोडा भाग करपला असेल तर तेवढाच कापा, हिरवा भाग ठेवा, तो झाडाला पोसतो. अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर पान देठापासून काढा. सुकून लोंबणारी पानं आधी काढा. कापलेली पानं वाडीत टाकू नका, खड्ड्यात पुरून वर माती ओढा. पंधरा दिवसांतून एकदा ही फेरी व्हायलाच हवी.

दुसरं, हवा आणि उजेड. झाडाभोवती मुनव्यांची गर्दी झाली की पानं ओली राहतात आणि बुरशीचं फावतं. एका झाडाजवळ पुढच्या पिकासाठी एकच मुनवा ठेवा, बाकीचे काढा. ठेवताना तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड मुनवा निवडा. रुंद पानांची, बारीक बुडाची पिलं काढून टाका.

तिसरं, पाण्याचा निचरा. पावसाचं पाणी आळ्यात साचू देऊ नका, चर काढून बाहेर घाला. तण काढा. उन्हाळ्यात पाणी बुंध्याला द्या, पानावर नको.

चौथं, फवारणी. वरची तिन्ही कामं केल्याशिवाय हिच्यावर पैसे घालू नका. मॅन्कोझेब १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, किंवा प्रोपिकोनॅझोल १० लिटरला १० मिलिलिटर. केळीचं पान तेलकट, गुळगुळीत असतं, म्हणून द्रावणात चिकटणारा पदार्थ म्हणजे स्टिकर घालायचा. पाऊस उघडलेला दिवस बघून वरच्या नव्या पानांवर फवारा मारायचा, खालच्या बाजूनेही. गरज असेल तर पंधरा ते वीस दिवसांनी पुन्हा, पण औषध बदलून. तेच तेच मारलं की बुरशी त्याला सरावते. पाकिटावर छापलेलं प्रमाण आणि काढणीआधी थांबायचे दिवस वाचूनच वापरा.

ज्यांना स्वस्तात, लागण वाढण्याआधी संरक्षण हवंय त्यांच्यासाठी बोर्डो मिश्रण आहे. पानवेलीवर ते आपल्याकडे जुन्या लोकांनी वापरलंय. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या बादल्यांमध्ये. दोन्ही एकदमच तिसऱ्या बादलीत ओतायचं आणि काठीने ढवळायचं. लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. केलं त्याच दिवशी वापरा.

अंगाची काळजी

बोर्डोवरून सांगते. मध्य अमेरिकेत १९३०नंतर करपा पसरला तेव्हा तिथल्या मोठ्या केळीबागांत मजूर दिवसदिवस हेच मिश्रण फवारायचे. त्यांचे कपडे, कातडी निळी-हिरवी पडायची. घडाची काळजी घेतली गेली, माणसाची नाही. आपल्या वाडीत तसं व्हायला नको.

फवारताना पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. साडीचा पदर तोंडाला बांधणं पुरेसं नाही, तो भिजतो आणि औषध नाकाशीच राहतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी फवारणी करायची नाही, औषध कालवायचंही नाही. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नका. पंप विहिरीवर किंवा बावखलात धुऊ नका. रिकामी बाटली घरात कशासाठीच वापरायची नाही. पाकिटावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. वाचता येत नसेल तरी रंग ओळखता येतो.

आणि ही आपल्या धंद्याची गोष्ट : ज्या झाडाची पानं जेवायला किंवा पूजेला विकायची, केळफूल आणि गाभा भाजीला द्यायचा, त्या झाडावर औषध मारायचं नाही. वाडीतली पाच-दहा झाडं पानांसाठी वेगळी राखा, शक्यतो बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्यांच्यावर फक्त कोयता चालवा. आपल्याकडून पान घेणारी बाई त्यावर आपल्या लेकराला जेवायला वाढते.

वहीत एक पान केळीसाठी

आपण बचतीची वही ठेवतो तशीच केळीची ठेवूया. वाडीतली दहा झाडं निवडा, त्यांना चिंधी बांधा. दर पंधरा दिवसांनी वरून मोजा : पूर्ण उघडलेलं पहिलं पान म्हणजे एक. पक्के डाग दिसणारं सर्वांत वरचं पान कितवं आहे ते लिहा. गेल्या वेळी आठवं होतं आणि आता पाचवं असेल, तर रोग वर चढतोय, हात चालवा. पाचवं होतं ते आठवं झालं, तर तुमचा उपाय लागू पडतोय, फवारणीचे पैसे वाचवा. शिवाय झाडावर एकूण किती हिरवी पानं आहेत तेही लिहा. यासाठी शाळा शिकलेली असण्याची गरज नाही, बोटं पुरतात.

सदस्यांचे प्रश्न

*प्रश्न : गोमूत्र, ताक, हळद यांनी करपा जातो का?*

शेणखत, जीवामृत यांनी झाडाला जोम येतो, नवी पानं लवकर फुटतात आणि त्याचा फायदा आहेच. पण त्या भरवशावर डागाळलेली पानं झाडावर ठेवू नका. छाटणी कोणत्याही पद्धतीत सुटत नाही.

*प्रश्न : पाहुण्यांकडून राजेळीचा मुनवा आणला तर चालेल का?*

आई-झाड स्वतः बघून या. पान उलटं करून टिंब-रेघा आहेत का बघा, खोड चिरलेलं आहे का बघा. दोन्ही नसतील तर आणा. फुकटातला रोगट मुनवा सर्वांत महाग पडतो.

*प्रश्न : आमच्या पारोळच्या बाजूला अंगणात निलगिरी आहे. तिच्या पानांच्या शिरेवर गाठी आल्यात, पान वेडंवाकडं झालंय. केळीचं औषध चालेल का?*

नाही चालणार. ती बुरशी नाही. गांधीलमाशीच्या कुळातला, डोळ्याला जेमतेम दिसणारा एक कीटक निलगिरीच्या कोवळ्या देठात आणि शिरेत अंडी घालतो, म्हणून गाठी येतात. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, हा कीटकही तिकडचाच. आपल्या देशात तो दक्षिणेकडे साधारण २००१पासून दिसायला लागला. मोठ्या झाडाला याने सहसा धोका नसतो आणि एवढ्या उंचीवर फवारणी करणंही जमणार नाही. झाड लहान असेल तर गाठींचे शेंडे कापून पुरून टाका. पावसात खालच्या फांद्यांच्या पानांवर तपकिरी डाग पडून पानं गळत असतील, तर ती बुरशी आहे. खालच्या फांद्या छाटा, गळलेला पाला झाडून काढा, हवा खेळू द्या. बघा, पान वेगळं असलं तरी प्रश्न तेच चार : कुठलं पान, पानावर कुठे, आकार कसला, किती झाडांना. आणि निलगिरीच्या जवळ केळ लावू नका, ती तिचं पाणी ओढून घेते.

*प्रश्न : ओळखता आलं नाही तर कोणाला विचारायचं?*

आधी गटात दाखवा. आजारी पान आणि शेजारचं चांगलं पान, दोन्ही घेऊन या. मग तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येईल. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करताना चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा, नाहीतर पलीकडचा माणूसही अंदाजच बांधेल.

पुढच्या सभेपर्यंतची कामं

एक : प्रत्येकीने आपली वाडी फिरून दहा झाडांची नोंद वहीत करायची. दोन : सुकलेली, लोंबणारी पानं या आठवड्यात काढून पुरायची. तीन : गणपतीच्या पानांसाठी झाडं आताच वेगळी करायची. चार : टिंब-रेघा दिसल्या तर त्याच दिवशी गटाला कळवायचं, लपवायचं नाही. लपवलेल्या झाडाचं नुकसान शेजारणीच्या वाडीत निघतं. पाच : औषधासाठी कर्जाचा अर्ज करताना रोगट पान बैठकीत आणायचं. पान बघून, सगळ्यांनी खात्री करून मगच अर्ज मंजूर होईल, असा ठराव मी मांडते. औषध घेतलंच तर चार-पाच जणींनी मिळून, पावतीसह घ्यायचं. पंप आणि हातमोजे गटाचे राहतील.

(ठरावाला सर्व उपस्थित सदस्यांनी हात वर करून मंजुरी दिली. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने आपल्या नोंदींची वही आणावी.)